अव्हाउड: पहिल्या काही तासांची छाप आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अव्हाउड या गेममधला डॉनशोर हा पहिला प्रदेश पुरता पालथा घालून झाला आहे आणि दुसऱ्या, म्हणजे एमराल्ड स्टेअरमध्येही मी बऱ्यापैकी आत शिरलो आहे. इथली मतं तेवढ्यावरच बेतलेली आहेत. कथेतले मोठे धक्के कुठेही फोडलेले नाहीत. सुरुवातीच्या तासा-दोन तासांतलं काही आलं आहे, पण त्याशिवाय बोलताच आलं नसतं.

हा गेम नेमका काय आहे? कुणी बनवला?

ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओने. 2003 साली सुरू झालेल्या या स्टुडिओचं नाव रोल-प्लेइंग (एखादं पात्र घडवून त्याची भूमिका जगायच्या) गेमांमुळेच झालं. फॉलआउट: न्यू व्हेगस (2010), पिलर्स ऑफ इटर्निटी (2015), द आउटर वर्ल्ड्स (2019) हे सगळे त्यांचेच. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतला. अव्हाउडची पहिली झलक जुलै 2020 मध्ये दाखवली गेली, मधल्या काळात आराखडा बराच बदलला आणि अखेर 18 फेब्रुवारी 2025 ला तो विंडोज पीसी आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एसवर आला. दिग्दर्शन केरी पटेल यांचं. त्यांनी पिलर्सच्या लेखनातही काम केलं होतं, आणि ते इथल्या संवादांत जाणवतं.

खेळायच्या दृष्टीने सांगायचं तर हा अ‍ॅक्शन आरपीजी आहे, म्हणजे प्रत्यक्ष लढाई असलेला रोल-प्लेइंग गेम. पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळता येतं किंवा कॅमेरा पाठीमागे ठेवता येतो, आणि हवं तेव्हा यात अदलाबदल करता येते. मला डोळ्यांतूनच बरं वाटलं. उड्या मारताना अंतराचा अंदाज चांगला येतो आणि जादू हातातून सुटताना समोर दिसते.

पिलर्स ऑफ इटर्निटी खेळलेलं नाही. काही समजेल का?

समजेल. जग तेच आहे, इओरा नावाचं, पण कथा नवी, माणसं नवी आणि प्रदेशही नवा. पिलर्सचे दोन्ही भाग वरून तिरप्या कोनातून दिसणारे, थांबून थांबून खेळायचे, भरपूर वाचन असलेले गेम होते. पहिल्या भागासाठी 2012 मध्ये किकस्टार्टरवर चाहत्यांनी जवळपास 40 लाख डॉलर जमवले होते. तो बाज इथे नाही.

अडचण येते ती शब्दांची. पहिल्याच तासात एडिर, आड्रा, किथ, अ‍ॅनिमन्सी, रौआताय असं बरंच काही कानावर आदळतं. यावर गेमने एक सोय केली आहे आणि ती मला फार आवडली: संवाद चालू असतानाच एक बटण दाबलं की त्या बोलण्यात आलेल्या नावांचा दोन-चार ओळींत खुलासा समोर येतो. संवाद तिथेच थांबून राहतो. नंतर कुठल्यातरी मेनूत जाऊन कोश चाळत बसावं लागत नाही. सवय लावून घ्या, दहा-बारा संवादांत हे जग ओळखीचं वाटू लागतं.

इतकं माहीत असलं तरी पुरे: इओरात आत्मा ही मोजता येणारी, हाताळता येणारी गोष्ट आहे. माणूस मेला की आत्मा चक्रात परत जातो आणि पुन्हा जन्म घेतो. आत्म्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्येला अ‍ॅनिमन्सी म्हणतात, आणि ती विद्या की पाखंड यावरून या जगात कायम भांडणं चालू असतात.

कथा कुठून सुरू होते?

तुम्ही एडिरच्या सम्राटाचे दूत. लिव्हिंग लँड्स नावाच्या दूरच्या, कुणाच्याच ताब्यात नीट न आलेल्या बेटावर ड्रीमस्कर्ज ही साथ पसरली आहे. आधी माणसाच्या स्वप्नांवर परिणाम होतो, मग भान सुटतं, मग अंगावर बुरशी उगवते आणि तो दिसेल त्याच्यावर तुटून पडतो. हे काय आहे याचा छडा लावायला तुम्हाला पाठवलं आहे. तुम्ही स्वतः गॉडलाइक आहात, म्हणजे जन्माआधीच कुण्या देवाचा स्पर्श झालेले. फक्त तो देव कोणता हे कुणालाच ठाऊक नाही.

उतरायच्या आधीच किनाऱ्यावरच्या किल्ल्यातून जहाजावर तोफा डागल्या जातात आणि तुम्ही फोर्ट नॉर्थरीचपाशी किनाऱ्याला लागता. हा सुरुवातीचा भाग शिकवणीचा आहे, जरा अरुंद आहे आणि गेमची खरी ताकद त्यात दिसत नाही. एवढ्यावरून मत बनवू नका. मात्र कोठडीतल्या इलोराशी नीट बोला. तिला सोडायचं की नाही हा तुमचा पहिला खरा निर्णय, आणि त्याचा धागा पुढे पॅरेडिस शहरात पुन्हा हाती येतो.

स्कायरिमसारखा आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि गेमबद्दलची बरीचशी निराशा याच अपेक्षेतून आलेली दिसते. उत्तर स्पष्ट आहे: नाही.

2011 च्या स्कायरिम या गेममध्ये गावातला लोहार रात्री झोपायला जातो, कुणाच्याही घरात घुसून भांडी चोरता येतात, पकडले गेलात तर पहारेकरी येतात, वाटेतल्या कुणावरही तलवार उगारता येते. ते जग तुम्ही नसतानाही स्वतःचं चालू असतं, निदान तसा भास तरी होतो. अव्हाउडमध्ये यातलं काहीही नाही. दुकानदार दिवसरात्र त्याच जागी उभा असतो. सामान्य नागरिकांवर वार करता येत नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पेट्या उघडा, कुणी हूं की चूं करत नाही. ही शेवटची गोष्ट मलाही खटकली. शहरातल्या उपासमारीबद्दल एखादी बाई पोटतिडकीने बोलत असते आणि तिच्या मागचा डबा तुम्ही तिच्यासमोरच रिकामा करता, तेव्हा त्या प्रसंगातली जान जाते.

शिवाय नकाशा एकसंध नाही. चार मोठे प्रदेश आहेत: डॉनशोर, एमराल्ड स्टेअर, शॅटरस्कार्प आणि गॅलावेन्स टस्क्स. कथेच्या ओघात ते एकेक करून उघडतात. प्रत्येक प्रदेश आतून मोकळा आहे, पण समोर दिसणाऱ्या क्षितिजावरच्या डोंगरावर थेट चालत जाता येईल असं नाही.

मग यात आहे काय? रचना. इथला प्रत्येक कडा, पडका मनोरा, धबधब्यामागची फट कुणीतरी विचार करून तिथे ठेवली आहे, आणि तिथवर जाणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं. विस्तीर्ण माळरानावर दहा मिनिटं चालल्यावर एक गुहा, असा हिशेब नाही. वीस पावलांवर काहीतरी आहे, आणि ते बहुधा तुमच्या डोक्याच्या वर किंवा पायाखाली आहे. त्या जातीचा गेम म्हणून खेळलात तर तो भरभरून देतो. स्कायरिमची कसोटी लावलीत तर पहिल्या शहरातच हिरमोड होईल.

मग भटकायचं कसं? काय काय शोधायचं?

गेमचा सर्वांत चांगला भाग हाच, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, वर बघा. तुमचं पात्र बऱ्यापैकी उंच कठडे पकडून चढू शकतं आणि हे चढणं इतकं सहज आहे की थोड्याच वेळात तुम्ही रस्त्यांचा विचार करणं सोडून देता. पॅरेडिसमध्ये छपरांवरून फिरा. खालून साध्या वाटणाऱ्या गल्ल्यांच्या वर फळ्या, दोऱ्या, गच्च्या अशी दुसरीच वाट आहे. दीपगृह दिसलं तर माथ्यापर्यंत जा.

दुसरी, कान उघडे ठेवा. मौल्यवान पेटी जवळ आली की एक बारीक किणकिण ऐकू येते. सोबत संगीत जोरात वाजत असेल तर ती निसटते. सेटिंगमध्ये संगीताचा आवाज थोडा उतरवला की फरक पडतो. किणकिण ऐकू येते पण पेटी दिसत नाही, असं झालं की समजायचं भिंतीच्या पलीकडे वाट आहे किंवा छपरावर काहीतरी आहे.

तिसरी, वाट अडवणाऱ्या गोष्टींकडे अडथळा म्हणून पाहू नका. काटेरी वेली आणि जाळी आगीने जळतात. तडे गेलेली भिंत स्फोटाने पडते. पाण्यावर बर्फाची जादू टाकली की पृष्ठभाग गोठतो आणि त्यावरून चालत जाता येतं. विजेने काही जुनी यंत्रं जागी होतात. ही जादू स्वतः शिकलेलीच हवी असं नाही. फेकायच्या वस्तू आणि सोबत्यांच्या शक्तीही चालतात. गंमत अशी की हे कुठेही ठळक अक्षरांत सांगितलेलं नसतं. पाण्याच्या मध्यावर एक खडक, त्यावर एक पेटी, आणि पोहत गेलं तर वर चढायला जागा नाही. तिथे दोन मिनिटं विचार करून बर्फ आठवतो तेव्हा खरंच मजा येते.

चौथी, खजिन्याचे नकाशे विकत घ्या. दुकानांत मिळतात, काही सापडतात. त्यावर फक्त एक चित्र असतं, बाण वगैरे नाही. चित्रातला दगड प्रत्यक्षात ओळखायचा म्हणजे त्या प्रदेशाकडे नीट बघावं लागतं, आणि बदल्यात सहसा नाव असलेली, खास गुण असलेली वस्तू मिळते.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मुख्य कामाची खूण पडद्यावर सतत दिसत असते. डॉनशोरमध्ये फिरताना ती बंद करून बघा. खुणेमागे धावलं की हा प्रदेश काही तासांत संपतो आणि त्यातलं निम्मंही दिसत नाही.

निर्णयांना अर्थ आहे का? की सगळं शेवटी एकाच वाटेवर येतं?

जेवढं खेळलो त्यावरून सांगतो: अर्थ आहे, पण तो माणसांच्या नशिबात दिसतो, नकाशावर नाही. कुणाला सोडलं, कुणाला मारलं, कुणाची बाजू घेतली हे पुढच्या संवादांत परत येतं, कधी तर तुम्ही विसरून गेल्यावर. आपल्या पार्श्वभूमीनुसार आणि गुणांनुसार बोलण्याचे वेगळे पर्याय खुले होतात आणि ते नुसते शोभेचे नसतात. काही ठिकाणी अख्खी लढाई टळते.

मला जास्त भावलं ते दूताच्या भूमिकेतलं अवघडलेपण. तुम्ही साम्राज्याचा माणूस आहात आणि इथल्या लोकांना साम्राज्य नको आहे. कोणी मदत मागतं ते तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, तर दुसरा पर्याय उरलेला नाही म्हणून. तुम्ही कितीही चांगलं वागलात तरी तुमच्या मागोमाग कोण येणार हे समोरच्याला ठाऊक असतं. हा ताण लेखकांनी छान सांभाळला आहे. खलप्रवृत्तीचं पात्र रंगवायला मात्र फारशी मोकळीक नाही. कठोर, स्वार्थी, साम्राज्यनिष्ठ होता येतं. निव्वळ दुष्ट होणं अवघड आहे.

पात्र बनवताना काय निवडू? चुकीचं निवडलं तर?

निवांत राहा. पार्श्वभूमी (युद्धातला वीर, दरबारी भविष्यवेत्ता, सरदारपुत्र वगैरे) मुख्यतः संवादांत कामी येते. तिने लढण्याची पद्धत बांधली जात नाही. फायटर, रेंजर आणि विझर्ड अशा कौशल्यांच्या तिन्ही शाखा सगळ्यांना खुल्या असतात आणि त्यांचं हवं तसं मिश्रण करता येतं. गॉडलाइकची चौथी शाखा कथेबरोबर उलगडते. पुढे मन बदललं तर थोडी नाणी मोजून सगळे पॉइंट परत घेता येतात.

प्रदर्शित झाला तेव्हा वंशांत मानव आणि एल्फ एवढेच पर्याय होते. पिलर्स खेळलेल्यांना ऑर्लन किंवा ऑमाउआ नसल्याचं वाईट वाटेल, आणि ते साहजिक आहे. गॉडलाइक असल्यामुळे चेहऱ्यावर उगवलेली बुरशी आणि पाकळ्यांसारखे अवयव नको असतील तर ते लपवता येतात. मी ठेवले. बोलणारा माणूस आपल्याकडे दचकून बघतो त्यामागचं कारण मग आरशात दिसतं.

लढाई कशी आहे?

अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली. ऑब्सिडियनच्या गेमांत लेखन उत्तम आणि मारामारी जेमतेम, असा एक समज आहे. इथे तो लागू होत नाही.

शस्त्रांचे दोन संच एका वेळी जवळ बाळगता येतात आणि बटणावर पालटता येतात. कुठल्या हातात काय घ्यायचं यावर फारसं बंधन नाही. एका हातात तलवार, दुसऱ्यात पिस्तूल. एका हातात जादूची कांडी, दुसऱ्यात ग्रिमॉयर, म्हणजे मंत्रांची पोथी. दोन्ही हातांत पिस्तुलं. ग्रिमॉयर हातात असलं की त्यातले चार मंत्र वापरता येतात, ते स्वतः शिकलेले नसले तरी. त्यामुळे सुरुवातीलाच, विझर्डच्या शाखेत फार पॉइंट न घालताही जादूची चव घेता येते. बाण आणि गोळ्या मोजाव्या लागत नाहीत. अर्केबस या लांब नळीच्या जुन्या बंदुकीची गोळी भरायला वेळ लागतो, पण तिचा धक्का असा बसतो की त्या वेळाचं सार्थक होतं.

चपळाई महत्त्वाची. बाजूला सटकणं, अडवणं, ताकदीचा वार करून शत्रूला भोवंड आणणं आणि मग निर्णायक घाव घालणं, असा सगळा खेळ आहे. कौशल्यांचं चक्र उघडलं की सगळं थांबतं. त्यात तुम्ही सोबत्यालाही नेमकं काय करायचं ते सांगू शकता. घाईघाईत बटणं दाबण्यापेक्षा हे थांबणं वापरा, विशेषतः गर्दी झाली की.

झॉरिप या सरड्यासारख्या टोळीशी लढताना मागे उभा असलेला त्यांचा पुजारी आधी उडवा. तो इतरांना बरं करत राहतो आणि लढाई उगाच लांबते. पाण्यात उभ्या असलेल्या शत्रूंवर वीज टाका.

तक्रार आहे ती वैविध्याची. डॉनशोरमध्ये झॉरिप, अस्वलं, कोळी, सांगाडे आणि ड्रीमस्कर्जने ग्रासलेली माणसं हेच पुन्हा पुन्हा समोर येतात. जागा बदलते, उंची बदलते, म्हणून कंटाळा लांबतो, पण जाणवतो.

शत्रूला कितीही मारलं तरी मरत नाही. माझं काय चुकतंय?

बहुतेक तुमच्या शस्त्राची प्रत कमी पडतेय. हे नीट समजून घ्या, कारण अर्ध्याहून अधिक वैताग यातूनच येतो.

शस्त्रं आणि चिलखतांना पाच प्रती आहेत: कॉमन, फाइन, एक्सेप्शनल, सुपर्ब, लेजेंडरी. प्रत्येक प्रतीच्या आत आणखी छोट्या पायऱ्या. शत्रूही अशाच प्रतींचे असतात. तुमचं शस्त्र शत्रूपेक्षा खालच्या प्रतीचं असेल तर तुमचा वार बोथट होतो, आणि चिलखत कमी प्रतीचं असेल तर त्याचा वार जास्त झोंबतो. शत्रूच्या नावाजवळ कवट्या दिसल्या की ही तफावत आहे असं समजा. तुमची लेव्हल कितीही असो, ही तफावत त्याने भरून निघत नाही.

आणि शत्रू पुन्हा जन्माला येत नाहीत. एकदा साफ केलेली जागा साफच राहते. म्हणजे अनुभवाचे गुण आणि साहित्य दोन्ही मोजकंच आहे, त्याच त्या गुहेत फेऱ्या मारून ते वाढवता येत नाही. म्हणून एमराल्ड स्टेअरमध्ये पाऊल ठेवल्यावर पुष्कळ जण अडखळतात: डॉनशोर घाईत उरकलेलं असतं, साहित्य चार-पाच शस्त्रांत विभागलेलं असतं आणि समोरचा सैनिक एकदम वरच्या प्रतीचा असतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास आहे. एक मुख्य शस्त्र आणि एक चिलखत ठरवा, सगळं साहित्य त्यांच्यावरच घाला. सापडलेली साधी शस्त्रं विकण्याऐवजी मोडून साहित्य काढा. हे सगळं छावणीतल्या कामाच्या टेबलावर होतं. नाव असलेलं खास शस्त्र हाती लागलं असेल तर तेच वाढवा, साध्या तलवारीवर खर्च करू नका. वाटेतली झाडपाल्याची, लोखंडाची, कातडीची गोष्ट दिसली की उचला.

रचना म्हणून मला ही पद्धत पटलेली नाही. बाकी सगळा गेम सांगतो की हवं ते करून बघा, शस्त्रं बदला, प्रयोग करा. ही पद्धत मात्र एकाच शस्त्राला चिकटून राहायला लावते. दोन दिशांना ओढणारे हे दोन विचार एकाच गेममध्ये नांदताहेत आणि त्याची किंमत खेळणाऱ्याला मोजावी लागते. पॉइंट परत घेण्याची मुभा आहे, तशीच घातलेलं साहित्य परत घेण्याची असती तर हा प्रश्न उरलाच नसता.

सोबती कसे आहेत?

एकूण चार, त्यातले दोन एका वेळी बरोबर येतात. पहिला भेटतो काइ: धिप्पाड ऑमाउआ, पूर्वीचा सैनिक, आता या बेटावर नव्याने आयुष्य मांडू पाहणारा. त्याला आवाज ब्रँडन कीनर यांनी दिला आहे. मास इफेक्ट या गेममालिकेतल्या गॅरसचा आवाज तोच, त्यामुळे ओळखीचा वाटला तर नवल नाही. मग मारियस, कमी बोलणारा डोंगरी बुटका शिकारी. एमराल्ड स्टेअरमध्ये अ‍ॅनिमन्सर जियाटा येते. याटझ्ली या ऑर्लन जादूगारणीला अजून मी पुरतं ओळखत नाही.

रणात काइ पुढे उभा राहून मार झेलतो, म्हणून लांबून लढणाऱ्यांनी त्याला सोडू नये. पण त्यांची खरी किंमत छावणीत कळते. तिथे बसून प्रत्येकाशी बोला, प्रत्येक मोठ्या घटनेनंतर बोला. रस्त्यातही ते आपापसांत बोलत असतात, तुमच्या निर्णयावर मतं देतात आणि त्यांना पटलं नाही तर तसं सांगतात. मारियस सुरुवातीला रुक्ष वाटतो. त्याला वेळ द्या.

त्यांच्याशी प्रेमप्रकरण जमवता येतं का?

तशी व्यवस्था गेममध्ये ठेवलेली नाही. मैत्री आहे, आणि ती चांगली लिहिलेली आहे.

इंग्रजी संवाद भरभर निघून जातात. काही निसटेल का?

तुम्ही उत्तर निवडेपर्यंत संवाद थांबलेला असतो, आणि वर सांगितलेल्या त्याच बटणाने मागची वाक्यं पुन्हा वाचता येतात. अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये वाढवा. चालताना सोबत्यांच्या होणाऱ्या गप्पा मात्र थांबत नाहीत. त्यांच्यासाठी सबटायटल चालू ठेवा आणि ते बोलू लागले की दोन क्षण उभे राहा. लढाईत शिरलात की गप्पा तुटतात.

सारखं ओझं होतं. काय करू?

जिथे आहात तिथूनच वस्तू छावणीत पाठवता येतात, परत जावं लागत नाही. वजन फक्त अंगावरच्या सामानाचं मोजलं जातं.

माझ्या कॉम्प्युटरवर चालेल का?

किमान गरज: रायझन 5 2600 किंवा इंटेल आय5-8400 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, आरटीएक्स 2070 किंवा आरएक्स 5700 दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीवर 75 जीबी जागा. शिफारस केलेलं कार्ड आरटीएक्स 3080 किंवा आरएक्स 6800 एक्सटी आहे. म्हणजे किमान पातळीही तशी वरचीच. गेम अनरिअल इंजिन 5 वर बनला आहे आणि पॅरेडिससारख्या गजबजलेल्या जागी फ्रेम पडतात (चित्र अडखळतं), मोकळ्या रानात तेवढ्या नाहीत. सावल्या आणि प्रकाशाची सेटिंग एकेक पायरी खाली आणली की पुष्कळ मोकळीक मिळते, दिसण्यात फार फरक पडत नाही. ग्राफिक्स कार्डावरचा ताण कमी करणारी डीएलएसएस आणि एफएसआर ही दोन्ही तंत्रं उपलब्ध आहेत. डोळ्यांतून खेळताना गरगरत असेल तर पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी (फील्ड ऑफ व्ह्यू) वाढवा आणि डोकं हलण्याचा परिणाम बंद करा.

अवघडपणा कोणता ठेवू?

पाच पातळ्या आहेत, कधीही बदलता येतात. बहुतेकांना नॉर्मल ठीक. हार्डवर प्रतींची तफावत फार टोचते, तेव्हा प्रदेश पालथा घालायची तयारी असेल तरच घ्या. सगळ्यांत वरची, पाथ ऑफ द डॅम्ड, पहिल्या खेपेसाठी नाही.

किती तास लागतात?

खेळण्याच्या सवयीवर अवलंबून. फक्त मुख्य कथेमागे गेलात तर बराच छोटा आहे. छपरं आणि गुहा धुंडाळत निघालात तर एकट्या डॉनशोरला कित्येक संध्याकाळी जातात. शेकडो तासांचा पसारा नाही, आणि मला ते आवडलं. कामं मोजकी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना स्वतःची गोष्ट आहे.

कुणी घेऊ नये?

जगात ढवळाढवळ करून काय होतं ते बघायची ज्यांना ओढ आहे, चोरी, घरफोडी, वाटेल त्याच्याशी वैर, त्यांनी. बाल्डर्स गेट 3 सारखी, एकाच प्रसंगाच्या दहा वाटा असलेली रचना शोधणाऱ्यांनीही. आणि संवाद बटण दाबून पुढे ढकलणाऱ्यांनी, कारण मग हातात उरेल ती बरी लढाई आणि सुंदर देखावे, बाकीचा गेम तसाच पडून राहील. रंगांबद्दल थोडं: हे बेट भडक आहे, जांभळी बुरशी, नारिंगी शेवाळ, निळा प्रकाश. करडं, पावसाळी फँटसी जग आवडणाऱ्यांना ते रुचेलच असं नाही. मला आजारातून उगवलेलं हे सौंदर्य अस्वस्थ करणारं आणि म्हणूनच नेमकं वाटलं. ज्या रंगांनी डोळे निवतात तेच रंग ड्रीमस्कर्जने ग्रासलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात.

एमराल्ड स्टेअरला निघण्याआधी डॉनशोरमध्ये काय उरकावं?

बेपत्ता राजदूत हिलगार्डचं मुख्य काम पुढे रेटायच्या आधी पॅरेडिसमधली छोटी कामं घ्या, बक्षिसाच्या शिकारींचा फलक बघा आणि जमतील तेवढ्या शिकारी करा. नाणीही मिळतात आणि शस्त्र वाढवायला साहित्यही. देवाच्या मूर्तीचा टोटेम सापडला असेल तर त्याचे तुकडे शोधा, प्रत्येक तुकड्याने कायमचा छोटा फायदा मिळतो. मुख्य शस्त्र निदान फाइन प्रतीचं झालेलं असू द्या, चिलखतही. नंतर डॉनशोरला परत येता येतं, तेव्हा एखादी पेटी राहिली म्हणून अडून बसू नका. पण साहित्य अपुरं असताना निघालात तर पहिल्याच चकमकीत ते कळेल, आणि मग परत फिरून जी छपरं पालथी घालायची ती आधीच घातलेली बरी.